तीन आठवड्यांत म्हातारं झालेलं चाक

१

गाडीचं मागचं डावं चाक पंधरा वर्षांचं होतं. तीन आठवड्यांपूर्वी मी ते विकत घेतलं, तेव्हा ते जेमतेम सहा महिन्यांचं होतं.

बुधवारची सकाळ. लुबुतोला पाठीला बांधून मी अंगणात उकिडवी बसले होते. शुक्रवारी पहाटे आम्ही किट्वेहून माझ्या सासरी, कासामाला निघणार होतो. आठशेवर किलोमीटर, ऑक्टोबरचं ऊन, आणि मागच्या सीटवर आठ महिन्यांचं लेकरू, ज्याला सासऱ्यांनी अजून एकदाही मांडीवर घेतलेलं नव्हतं. निघण्याआधी मी प्रत्येक गोष्ट दोनदा बघते. नवरा म्हणतो, चारदा.

टायरच्या कडेवर बारीक अक्षरांची एक लांब ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १४२४ म्हणजे २०२४ सालचा चौदावा आठवडा, त्या आठवड्यात तो टायर कारखान्यातून बाहेर पडला. घेतलेल्या चारही टायरांचे आकडे मी लुबुतोच्या दवाखान्याच्या कार्डामागे उतरवून ठेवले होते. आमच्या घरात न हरवणारा कागद तेवढा एकच.

पुढचं उजवं, १४२४. पुढचं डावं, १४२४. मागचं उजवं, १४२४.

मागच्या डाव्यावर लाल धूळ बसली होती. कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या कापडाचं टोक ओलं करून पुसली. ३१०९.

पुन्हा पुसली. ३१०९. दोन हजार नऊ सालचा एकतिसावा आठवडा. तेव्हा मी शाळेत होते.

चाकावरची प्लास्टिकची टोपी जागेवर होती. या टोप्या चोरीला जातात म्हणून मीच चारही टोप्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळल्या होत्या. इथली पट्टी गायब होती, तिच्या जागी कसलीशी चिंधी बांधलेली होती. तेव्हा मी तिच्याकडे धड पाहिलंही नाही. मी डिकी उघडली, खालची चटई उचलली. जादा चाकाचा खड्डा रिकामा होता.

पण मी चटई टाकून पुन्हा त्या चाकाशी आले ती त्यामुळे नाही. ३१०९ हा आकडा माझ्या ओळखीचा होता. हे चाक मीच तीन आठवड्यांपूर्वी घरातून हाकललं होतं.

२

तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या शनिवारी आम्ही तिघं चिसोकोने बाजारामागे बा जेरेंच्या टायरच्या दुकानात गेलो होतो. बा जेरे न्गोनी जमातीचे, आम्ही बेम्बा, आणि या दोन जमातींचं नातंच थट्टेचं. त्यामुळे चेष्टेवाचून बोलणं म्हणजे अपमानच.

"आल्या, माकडं खाणाऱ्या आल्या!" त्यांनी लांबूनच स्वागत केलं.

"काडीला टोचलेले उंदीर खाऊन झाले असतील तर हात धुवा आणि टायर दाखवा," मी म्हटलं.

माझा नवरा चिशिम्बा हायस्कुलात गणित शिकवतो. बेरजेत चुकत नाही, पण एका गोष्टीवर त्याची देवासारखी श्रद्धा आहे : जपानहून जे येतं ते जुनं असलं तरी इथल्या नव्यापेक्षा बरं. आमच्या गल्लीत सगळ्यांचीच आहे. बा जेरेंनी लगेच चार जुने जपानी टायर घरंगळत आणले. नक्षी खोल, किंमत निम्मी. चिशिम्बाचे डोळे लकाकले.

मी एक टायर फिरवला. कडेवर छोटासा डोंगर कोरला होता आणि डोंगराच्या पोटात बर्फाची चांदणी.

"हे बर्फातले आहेत," मी म्हटलं. "थंडीत कडक होऊ नये म्हणून याचं रबरच मऊ असतं. आपल्या डांबरावर हे साबणासारखे झिजतील."

"ताई, उद्या किट्वेत बर्फ पडला तर माझी आठवण काढून रडाल," बा जेरे म्हणाले, पण टायर निमूट मागे नेले.

मग मी दोन तास घेतले. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं माप वाचलं, तेच माप मागितलं. वजनाचा आकडा त्याहून कमी नको. उष्णतेचं अक्षर 'अ' किंवा 'ब', त्याखालचं नको, कारण आपल्याकडे रस्ताच तव्यासारखा असतो. तारीख एका वर्षाच्या आतली. आकडे बाहेरच्या बाजूला ठेवून बसवा, म्हणजे मला वाकून वाचता येतील. बा जेरेंनी आकाशाकडे पाहून विचारलं, "मास्तर, लग्नाच्या वेळी हिने तुमचेही दात मोजले होते का?"

"दात मोजले आणि मग वर्ष विचारलं," चिशिम्बा म्हणाला.

शेवटी राहिलं डिकीतलं जादा चाक. ते गाडीबरोबर जपानहून आलेलं, एकदाही वापरलेलं नाही. रबराचे बारीक केस अजून त्याच्या अंगावर होते. चिशिम्बा त्यावरून हात फिरवून म्हणाला, "जमीन न पाहिलेलं चाक आहे हे!" मी म्हटलं, रबर अंधारात पडल्या पडल्याही म्हातारं होतं, वरून कळत नाही एवढंच. मी बा जेरेंना बजावलं : हा टायर काढून टाका. आमच्या जुन्या चारांतला त्यातल्या त्यात बरा याच्या जागी चढवा आणि तोच डिकीत ठेवा. तो नीट कळावा म्हणून पर्समधल्या लाल नेलपॉलिशने त्यावर फुलीही मारली. तेवढ्यात लुबुतो रडायला लागला. मी सावलीत जाऊन त्याला पाजत बसले. परत आले तेव्हा डिकी बंद होती.

आणि आता तेच चाक माझ्या लेकराच्या सीटखाली लागलं होतं.

मी मनात नावं मांडली. एक, बा जेरे : नवा टायर परत काढून घेतला आणि जुना चढवला. दोन, बुपे, माझा धाकटा दीर : गेल्या शनिवारी दिवसभर गाडी त्याच्याकडे होती.

तिसरं नाव मी मांडलं नाही.

३

"बा जेरे, हा आकडा वाचा."

मी मिनीबसने गेले होते. त्या चाकावर आता बाजारापर्यंतही जायची माझी हिंमत नव्हती. आकड्याचा फोटो मोबाईलवर होता. बा जेरेंनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि गप्प झाले.

न्गोनी माणूस बेम्बा बाईसमोर गप्प झाला, की समजावं काहीतरी खरंच बिघडलंय.

"मी टायर बदलला असं म्हणायचंय का, ताई?"

"मी काहीच म्हणत नाहीये. विचारतेय."

ते उठून मागच्या पत्र्याखाली गेले. जुन्या टायरांच्या ढिगातून एक ओढून त्यांनी माझ्या पायाशी टाकला. कडेवर लाल फुली, माझ्याच नेलपॉलिशची.

"हा बघा. हा तुमच्या डिकीत जायला हवा होता. गेला नाही. इथेच आहे."

"मग डिकीत काय गेलं?"

बा जेरे पान्याशी खेळत राहिले. "ताई, दोन बेम्बांच्या भांडणात न्गोनी पडला की दोघं मिळून त्यालाच भाजतात."

"बा जेरे."

"मास्तर म्हणाले, जमीन न पाहिलेलं चाक कोणी फेकतं का? राहू द्या डिकीत तसंच. हिला सांगू नका, उगाच झोप उडेल हिची." ते माझ्याकडे न बघता बोलले. "मी नको म्हणालो होतो. शपथ. पण गिऱ्हाईक ते."

म्हणजे टायर दुकानात बदलला गेला नव्हता. ते चाक माझ्या नकळत डिकीतच होतं, कोणीतरी ते काढून गाडीला लावलं. माझं नवं चाक घेऊन गेलं, जुनं बसवून गेलं, वर टोपीही परत बांधून गेलं.

चोर टोपी बांधत नाही.

"आणि ताई," मागून बा जेरे ओरडले, या वेळी अजिबात न हसता, "त्या चाकावर कासामाला जाऊ नका!"

४

बुपे दुपारी जेवायला आला. तो रोजच येतो. म्हणतो, भावाकडे जेवण मिळतं आणि वहिनीकडे बोलणी, एका खेपेत दोन्ही कामं होतात.

मी मक्याच्या घट्ट शिमाचं ताट त्याच्यापुढे ठेवलं, कापेंता मासळीची वाटी मात्र हातातच धरली.

"शनिवारी गाडी कुठे कुठे नेलीस?"

"वहिनी, आधी वाटी."

"आधी उत्तर."

"लग्नाआधी बायका नवरीसाठी करतात त्या समारंभाला. ढोल, हंड्या आणि तीन मावश्या. मावश्यांचं वजन मोजायचं नाही ना?"

"वाटेत काय झालं?"

त्याचा हात ताटावर थांबला. कान लाल होत नाहीत आमचे, पण बुपेचे डोळे खोटं लपवू शकत नाहीत. ते सरळ दाराकडे गेले.

"वहिनी, मी सांगणारच होतो..."

पाठीवरचा लुबुतो जड झाला.

"... पण तू ओरडशील म्हणून नाही सांगितलं. मुन्कोयोचा अख्खा डबा मागच्या सीटवर सांडला. मी धुतली सीट! साबणाने! लुबुतोची खुर्चीसुद्धा! वास येतोय का अजून?"

मुन्कोयो म्हणजे मका आंबवून केलेलं पेय. तीन दिवस मागच्या सीटला आंबूस वास येत होता आणि मी मुलाचं पोट बिघडलं म्हणून त्याला काळजीने हुंगत होते.

"एवढंच? चाक? चाक नाही बदललंस?"

"चाक? तुझ्या गाडीचं? तू त्या टायरांची जन्मपत्रिका काढली आहेस हे मला माहीत नाही का? त्यांना हात लावायची छाती आहे कोणाची?" त्याने माझ्या हातातून वाटी काढून घेतली. "एक मात्र सांगतो, दादा म्हातारा झालाय. गाडी घेतली तर मधला आरसा छताकडे! मागचं काहीच दिसेना. गणिताचा मास्तर वर बघत गाडी चालवतो की काय? मी सरळ केला आणि निघालो."

"शनिवारी सकाळी? तू घेतलीस तेव्हाच आरसा वर होता?"

"फाटकातून निघण्याआधीच."

आरसा वर का असावा ते मला तेव्हा कळलं नाही. एवढं कळलं, की बुपेच्या आधी त्या गाडीत काहीतरी घडलं होतं. आणि बुपेच्या आधी गाडी एकाच माणसाकडे असते.

संध्याकाळी आईचा फोन आला. आई वुसाकिलेला राहते, खाणीच्या जुन्या वस्तीत.

"परवा निघायच्या आधी इकडून जा," ती म्हणाली.

"उद्या मिनीबसने येऊन जाईन, आई."

"मिनीबसने कशाला? गाडी घेऊन ये." मग थोडी थांबून, "गाडी बरी चालतेय ना?"

माझ्या आईने आजवर गाडीची चौकशी केली नव्हती. तिच्या लेखी गाडी म्हणजे मिनीबससारखी थांब्यावर न थांबणारी वस्तू. पण माझं डोकं दुसरीकडे होतं. शेजारच्या खोलीत चिशिम्बा लुबुतोला पायांवर झुलवत पाढे म्हणून दाखवत होता आणि लुबुतो खिदळत होता. मी उठून विचारायला हवं होतं. मी भांडी घासली.

विचारलं आणि तो खोटं बोलला, तर? मग शुक्रवारी मी कोणाच्या भरवशावर मागच्या सीटवर बसणार?

५

गुरुवारी सकाळी मी एस्नाथ मावशीला बोलावलं. आईची थोरली बहीण. एकतीस वर्षं तिने खाणीच्या गुदामात टायर मोजले. घराएवढ्या ट्रकांचे, तिच्या डोक्याहून उंच टायर. खाणीतले फोरमन तिला घाबरत, कारण फाटका टायर ती सही करून देत नसे.

ती आली, चहा नको म्हणाली, चितेंगे गुडघ्यापर्यंत खोचलं आणि थेट चाकाशी बसली.

"नख दे," म्हणाली. माझा अंगठा धरून तिने आधी पुढच्या टायरमध्ये रुतवला, मग या. पुढच्या चाकात नखाची खूण उमटली होती. इथे उमटली नाही. लाकूड होतं ते. मग तिने नक्षीच्या दोन रेघांच्या मधलं रबर बोटांनी फाकवलं. आत केसासारख्या भेगा होत्या, शेकडो.

"हे गावात चाललं असतं," मावशी म्हणाली. "शंभरच्या वेगाने, भर दुपारी, तीन माणसं आणि सामान भरून... वाटेतल्या सेरेंजेच्या अलीकडेच साल सुटली असती याची."

मी लुबुतोला पाठीवरून काढून पुढे घेतलं.

"रडू नकोस. सुटली नाही ना? शनिवारी तो बुपे गावातच हिंडला, देवाची कृपा. आता सांग, कोणाकोणाला विचारलंस?"

मी सगळं सांगितलं. बा जेरे, लाल फुली, मुन्कोयो, आरसा.

"सगळ्यांना विचारलंस," मावशी म्हणाली. "एकाला सोडून."

मी लुबुतोची लाळ पुसत राहिले.

"बरं. त्याच्याआधी चाकालाच विचारू." तिने टोपीला बांधलेली चिंधी सोडायला हात घातला आणि तिचा हात तिथेच थांबला. ती वाकली. चिंधी उजेडात धरली. मग माझ्या मावशीने, जिच्या सहीला फोरमन घाबरत, तोंडावर हात घेतला आणि खांदे हलवत हसायला लागली.

"मावशी? काय झालं?"

"तुझा नवरा किती वाजता येतो?"

"चारला. पण काय..."

"चार वाजेपर्यंत ही गाठ कोणी सोडायची नाही."

६

चिशिम्बा फाटकातून आत आला आणि मावशीला चाकापाशी स्टुलावर बसलेली पाहून जागीच उभा राहिला. मग रीतीप्रमाणे गुडघे वाकवून, टाळी वाजवून त्याने नमस्कार केला.

"या मास्तर," मावशी म्हणाली. "एक गणित आहे. मी मांडते, चुकलं तर सांगा."

तो हातातली वह्यांची पिशवी खाली ठेवायचं विसरला.

"एक. या चाकाची लोखंडी वाटी बघा. बाकी तीन वाट्यांच्या कडेला बा जेरेने तोल साधायला शिशाचे तुकडे ठोकलेत. हिला एकही नाही. आत ब्रेकची काजळीसुद्धा नावापुरती. म्हणजे नुसता टायर नाही, वाटीसकट अख्खं चाक बदललंय, आणि फार दिवस झालेले नाहीत. असं दुकानात करत नाहीत, रस्त्यात करतात. चाक पंक्चर झालं की करतात. चोरीबिरी काही नाही."

चिशिम्बाने माझ्याकडे पाहिलं. मी लुबुतोच्या टोपीकडे.

"दोन. हे शनिवारच्या आधी झालं, कारण शनिवारी बुपेला आरसा छताकडे वळवलेला दिसला. आता मला सांगा, शहाणा माणूस मधला आरसा छताकडे कधी वळवतो?"

पेरूच्या झाडावर कोंबडा ओरडला.

"मागे कोणी बसलंय, पण त्याच्याकडे बघायचं नाही, असं असेल तेव्हा," मावशी म्हणाली. "बेम्बा पुरुषाने ज्या माणसाकडे बघायचंच नाही, असं जगात माणूस एकच."

माझ्या हातातला खुळखुळा पडला.

"आणि तीन." तिने ती चिंधी दाखवली. निळी, पांढऱ्या कबुतरांची. आईच्या चर्चमधल्या बायकांच्या मंडळाचं कापड. "हे कापड किट्वेत पाचशे बायकांकडे असेल. पण दोनदा गुंडाळून, टोक आत खुपसून, वरून चापट मारून बसवलेली ही गाठ आमच्या आईने दोघींनाच शिकवली. एक मी. आणि मी तर गेल्या आठवड्यात चिंगोलाला होते."

"आई!" मी म्हटलं.

चिशिम्बाने पिशवी खाली ठेवली. मग स्वतःही खाली बसला, मातीतच.

आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी जावयाला घरात घेण्याचा सोहळा राहिला होता. आधी आजोबा गेले, मग मी बाळंत झाले. तो सोहळा होईपर्यंत जावई आणि सासू एकमेकांसमोर येत नाहीत, एकत्र जेवत नाहीत, डोळ्याला डोळा देत नाहीत. आजकाल गावात पुष्कळजण हसण्यावारी नेतात. माझी आई नेत नाही. चिशिम्बाला वाटेत ती लांबून दिसली तर तो रस्ता बदलतो. दोघं एका गाडीत, एकटे! आई हे चर्चमध्ये कबूल करण्याआधी मरण पत्करेल.

"गेल्या गुरुवारी," तो जमिनीशी बोलला, "मी दुपारच्या परीक्षेला परत शाळेत चाललो होतो. चिसोकोनेच्या थांब्यावर त्या दिसल्या. ऊन असं होतं, आणि त्या खांबाला धरून हळूहळू खाली बसत होत्या. मी काय करायला हवं होतं, मावशी? रस्ता बदलायला?"

"पुढे."

"मी दार उघडून लांब जाऊन उभा राहिलो. त्या चितेंगे डोक्यावरून घेऊन मागे बसल्या. मी आरसा वर केला, तो नंतर सरळ करायचंही विसरलो. सुतारांच्या गल्लीतून वळवली आणि खिळा गेला. चाक बदलेपर्यंत त्या समोरच्या लिंबाच्या आड पाठ करून बसल्या. माझं झालं, त्यांना गाडीत बसता यावं म्हणून मी आडोशाला गेलो. आलो तर टोपी बांधलेली."

"चोरीला जाईल म्हणून," मावशी म्हणाली. "आमच्या घराण्याची खोड आहे ती."

"आणि नवं चाक?" मी विचारलं. "ते कुठे आहे?"

"वाटेत मी म्हणालो... म्हणजे स्टिअरिंगला म्हणालो, की आता हे चाक दुरुस्त कुठे करावं, मला तर दोनला शाळेत पोचायचंय. तर मागून त्या खिडकीला म्हणाल्या, की वुसाकिलेत कोणाच्या तरी दारासमोरच एक पोरगा पंक्चर काढतो म्हणे. मी चाक त्यांच्या फाटकाशी उतरवलं. मग त्या खिडकीला आणखी एवढंच म्हणाल्या, की देवाने आज पाहिलं तेवढं पुरे, माणसांना कळायची गरज नाही."

"मग आठ दिवस चाक आणलं का नाही?"

"कसं आणू? कोणत्या तोंडाने त्या फाटकाशी उभा राहू? आणि त्या तरी काय सांगून पाठवणार? आज तुला सांगू, उद्या सांगू असं म्हणत... पण लुबुतोच्या आई, तू घाबरशील म्हणून लपवलं असं नाही. मला वाटलं घाईच नाही. हे चाक तर बाकीच्या तिघांपेक्षा नवं! जमीनसुद्धा न पाहिलेलं!"

मी काही म्हणायच्या आत मावशीने त्याचा अंगठा धरला आणि टायरच्या रेघेत घातला. "फाकवा."

त्याने फाकवलं. त्या भेगा त्याला दिसल्या. गणिताचा मास्तर आहे. कासामाचा रस्ता, वेग, ऊन, मागची सीट, सगळी बेरीज त्याच्या चेहऱ्यावर मला एकेक करून होताना दिसली. त्याने हात पुढे केले आणि मी लुबुतोला त्याच्या हातात दिलं.

दोन दिवस छातीवर बसलेलं काहीतरी तेव्हा उठून गेलं. कोणी जाणूनबुजून केलं नव्हतं. एवढंच मला ऐकायचं होतं. भांडायला आयुष्य पडलं होतं.

७

चौघं मोठी आणि एक लहान अशी आमची वरात वुसाकिलेला निघाली. बा जेरेंना अवजारांसकट घरी बोलावलं होतं. मावशी म्हणाली, गावातल्या गावात हळू नेलं तर हे चाक धरेल, म्हणून आमच्याच गाडीने निघालो. ते लाल फुलीचा टायर घेऊन आले आणि वाटभर चिशिम्बाला ऐकवत राहिले, "मास्तर, बेम्बा सासूला घाबरतो ते ठीक, पण खिळ्यालासुद्धा?"

माझ्या आईच्या मागच्या अंगणात, मक्याच्या पोत्यांमागे, चितेंगेत गुंडाळलेलं चाक होतं. तान्ह्या मुलाला गुंडाळतात तसं. वर चहाच्या बशीत खिळा. मी कापड बाजूला केलं. १४२४.

"मी म्हटलंच होतं गाडी घेऊन ये," आई म्हणाली. मग तिला फाटकाबाहेर चिशिम्बाची पाठ दिसली आणि ती दारामागे गेली.

"बाहेर ये," मावशी म्हणाली.

"एस्नाथ, रीत..."

"रीत मला शिकवतेस? थोरली कोण, तू का मी? आपली आई नाही, तर तिच्या जागी मी. माझ्या भाचीच्या पोराच्या बुडाखाली आठ दिवस कुजकं रबर फिरत होतं, का, तर दोन मोठी माणसं एकमेकांना 'चाक घेऊन जा' म्हणू शकत नव्हती. मोठा सोहळा कासामाहून आल्यावर करू, ढोल लावून. पण सासू-जावयातली वाट आज मोकळी होणार. कोंबडी कापा."

कोंबडी कापली. मावशीने ताट झाकून बाहेर नेलं, हात धुवायला पाणी दिलं, आणि आईने, चेहरा अर्धा झाकून, पहिल्यांदाच जावयासमोर वाटी ठेवली. चिशिम्बाने पहिला घास घेतला. आईचं लक्ष कुंपणाकडे होतं. मग ती कुंपणालाच म्हणाली, "मीठ बरं आहे का, विचारा कोणीतरी."

"कुंपणाला नको, आई," चिशिम्बा म्हणाला. "मला विचारा."

तोवर बा जेरेंनी फाटकाबाहेर चाक चढवलं होतं. लाल फुलीचा टायर जपानी वाटीवर बसवून डिकीत ठेवला, या वेळी माझ्या डोळ्यांदेखत. जमीन न पाहिलेला टायर ते घेऊन गेले. म्हणाले, याच्या पट्ट्या कापतो, खाटांना चांगल्या.

शुक्रवारी पहाटे निघताना मी कंदिलासारखा मोबाईल धरून चारही चाकांभोवती फिरले. १४२४, चार वेळा. पाचव्यांदा चिशिम्बाने मोजलं, मी न सांगता.

वाटेत वुसाकिलेहून आईला घेतलं, ती बाजारापर्यंत आमच्याबरोबर येणार होती. मागे लुबुतोच्या खुर्चीशेजारी मी, माझ्याशेजारी ती. तिने डोक्यावरून चितेंगे घेतलं होतं. चिशिम्बाने गाडी चालू केली आणि सवयीने त्याचा हात आरशाकडे गेला. तो थांबला. आरशात आईने त्याच्याकडे पाहिलं, मग पटकन खिडकीकडे, मग पुन्हा आरशाकडे.

त्याने हात खाली घेतला. आरसा तसाच राहिला.

"मास्तर," आई आरशाला म्हणाली, "सुतारांच्या गल्लीतून नको हं."